बाराशे चाळीस फूट

१४ नोव्हेंबर १९७०च्या रात्री अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, हंटिंग्टन शहराजवळच्या एका टेकडीवर विमान कोसळलं. विमानात ७५ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यात मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले ३७ खेळाडू होते. (फुटबॉल म्हणजे अमेरिकनांचा: हेल्मेट, खांद्यांवर कवचं, लंबगोल चेंडू.) या घटनेवर पुढे हॉलिवूडने चित्रपट काढला, पण त्याला रस होता अपघातानंतर उभ्या राहिलेल्या संघात. मला रस आहे तो अपघाताआधीच्या तासांत, आणि त्यातही शेवटच्या तीनशे फुटांत.

२ ऑक्टोबर, ४३ दिवस आधी

सुरुवात दुसऱ्याच विद्यापीठापासून करावी लागते. कॅन्ससमधल्या विचिटा स्टेटचा संघ सामन्यासाठी युटाला निघाला होता. सगळ्यांना एकत्र नेणारं मोठं विमान ठरलं होतं, पण ते वादळात नादुरुस्त झालं. मग दोन छोटी मार्टिन ४०४ विमानं आली. संघाच्या रंगांवरून एकाला नाव पडलं ‘गोल्ड’, दुसऱ्याला ‘ब्लॅक’. गोल्डमध्ये मुख्य खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक बसले, ब्लॅकमध्ये राखीव खेळाडू. डेन्व्हरला इंधन भरून ब्लॅक नेहमीच्या, वळसा घालणाऱ्या हवाईमार्गाने गेलं. गोल्डच्या वैमानिकाने ठरवलं, पोरांना रॉकी पर्वताचा देखावा दाखवू. त्या वाटेचे नकाशे त्याने डेन्व्हरच्या थांब्यात विकत घेतले. ते नीट पाहायला वेळ कुठे होता? जास्तीच्या वजनाने वाकलेलं विमान दरीत शिरलं, दरी अरुंद होत गेली, समोरचा डोंगर विमानाच्या कुवतीपेक्षा लवकर वर चढला आणि मागे वळायलाही जागा उरली नाही. ४० पैकी ३१ जण गेले, त्यांत १४ खेळाडू.

हा अपघात समजायला सोपा आहे. कुठे बोट ठेवायचं ते कळतं, रागही योग्य जागी जातो. मार्शलच्या बाबतीत ही सोय नाही.

७ नोव्हेंबर, एक आठवडा आधी

मार्शलचा संघ, ‘थंडरिंग हर्ड’, त्या काळी काही फार नावाजलेला नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीस ओळीने २७ सामने विजयाविना गेले होते. खेळाडू गोळा करताना केलेल्या गैरप्रकारांमुळे १९६९मध्ये मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने विद्यापीठाला निलंबित केलं. त्या पडझडीत संघ हाती आला तो रिक टॉली या तरुण प्रशिक्षकाच्या. १९७०च्या हंगामात हरले तरी अटीतटीने हरायला लागले होते. लुईव्हिल आणि बोलिंग ग्रीन यांच्याविरुद्धचे सामने दोन-दोन गुणांनी हुकले. आणि ७ नोव्हेंबरला केंट स्टेटला त्यांनी २०-१७ असं हरवलं. केंट स्टेट म्हणजे तेच विद्यापीठ, जिथे सहा महिन्यांपूर्वी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले होते. १९७० हे अमेरिकेतल्या विद्यापीठांना एकूणच जड गेलेलं वर्ष.

पुढचा सामना नॉर्थ कॅरोलायनात, ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी. त्या वर्षी संघाने केलेला हा एकमेव विमानप्रवास. सदर्न एअरवेजचं डीसी-९ जेट भाड्याने घ्यायचं ठरलं. कंपनीने आधी नकार दिला होता, कारण हंटिंग्टनच्या विमानतळावरून उड्डाण करताना वजन मर्यादेबाहेर जाणार होतं. मग माणसं आणि सामान कमी करून हिशेब बसवला. विचिटाच्या उलट इथे कंपनी रीतसर, विमान सुस्थितीत, वैमानिक पात्र आणि वजनाची मोजदाद आधीच झालेली. चौकशीला बसणाऱ्या माणसाला हवं असतं ते सगळं कागदावर होतं.

१४ नोव्हेंबर, दुपार

ग्रीनव्हिलच्या मैदानावर मार्शल १७-१४ने हरलं. फरक तीन गुणांचा. हंगामाचा हिशेब तीन विजय, सहा पराभव. एकच सामना उरला होता, पुढच्या शनिवारी ओहायो विद्यापीठाशी. त्या तयारीसाठी मिकी जॅक्सन आणि कार्ल कोकोर हे दोन प्रशिक्षक संघासोबत आलेच नव्हते. ते पेनसिल्व्हेनियात ओहायोचा खेळ पाहून टिपणं काढत होते.

सामना संपल्यावर

कोण विमानात बसलं आणि कोण नाही, याचा निर्णय या एक-दोन तासांत झाला. सहायक प्रशिक्षक रेड डॉसन नवे खेळाडू हेरायला मोटारीने फिरत होते. जाताना त्यांच्यासोबत डीक ब्रॅकेट होते आणि गेल पार्कर विमानाने आले होते. परतताना दोघांनी जागा बदलल्या. पार्कर मोटारीत बसले, ब्रॅकेट विमानात. अशा अदलाबदलीवर नंतर माणसं आयुष्यभर विचार करतात. त्या क्षणी मात्र ती कुणी लक्षातही ठेवत नाही. संघाचा नेट रफिन जखमी असल्यामुळे घरीच राहिला होता.

खेळाडूंखेरीज विमानात हंटिंग्टनची प्रतिष्ठित मंडळी होती. डॉक्टर, लोकप्रतिनिधी, संघाला पैसा आणि वेळ देणारे चाहते. काही जोडप्याने आलेले. खेळाडू, प्रशिक्षक आणि विमानाचे पाच कर्मचारी धरून बेरीज ७५.

६ वाजून ३८ मिनिटं

किन्स्टनच्या स्टॉलिंग्ज फील्डवरून विमान उडालं. कॅप्टन फ्रँक अ‍ॅबट, वय ४७. सहवैमानिक जेरी स्मिथ, वय २८. प्रवास तासाभराचासुद्धा नाही. वाटेत काही घडलं नाही.

७ वाजून २३ मिनिटं

हंटिंग्टनशी रेडिओ संपर्क झाला. पाच हजार फुटांपर्यंत खाली या, असं सांगण्यात आलं. हवामान कळवलं गेलं: हलका पाऊस, धुकं, धूर. तीनशे फुटांवर विरळ ढग, पाचशेवर दाट. उतरणं अवघड, पण नियमांत बसणारं.

इथे विमानतळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या भूगोलावर आहे. ट्राय-स्टेट विमानतळ टेकड्यांचे माथे सपाट करून बांधलेला आहे. मंगळूरच्या अपघातानंतर ‘टेबलटॉप’ हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला, त्यातलाच हा प्रकार. धावपट्टी समुद्रसपाटीपासून ८२८ फुटांवर. तिच्याकडे येताना मात्र खाली दऱ्या आणि टेकड्या यांचा चढउतार.

दुसरी गोष्ट अशी की विमान धावपट्टीच्या रेषेत आहे की डावी-उजवीकडे सरकलंय, हे सांगणारा ‘लोकलायझर’ तिथे होता. किती उतारावरून खाली यायचं ते दाखवणारा ‘ग्लाइड स्लोप’ नव्हता. म्हणजे दिशा यंत्र सांगणार, उंची माणसाने सांभाळायची. त्यासाठी नियम साधा: १,२४० फुटांवर थांबा. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तरच त्याखाली या, नाहीतर वर निघून पुन्हा प्रयत्न करा. धावपट्टीपासून मोजलं तर ही उंची साधारण चारशे फूट होते. हा चारशेचा आकडा पुढे लागणार आहे.

७ वाजून ३४ मिनिटं

विमानाने बाहेरचा मार्कर (धावपट्टीच्या अलीकडची रेडिओखूण) ओलांडल्याचं कळवलं. नियंत्रकाने उतरायला परवानगी दिली. ऑटोपायलट चालू होता. त्याने ग्लाइड स्लोप ‘पकडला’ की काय, अशी काही सेकंदांची चर्चा कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. जो संकेत त्या विमानतळावर नव्हताच, तो. गोंधळ लगेच मिटला, पण लक्ष तेवढं तिकडे गेलं.

शेवटचं मिनिट

ध्वनिमुद्रणात घबराट नाही, घाईही नाही. हे वाचताना सगळ्यात अस्वस्थ करणारं तेच आहे. सहवैमानिक उंची सांगत होता. सातशे फुटांच्या आसपास जमिनीवर थोडा उजेड दिसू लागल्याचं तो म्हणाला. चार्टरची व्यवस्था पाहणारा कंपनीचा माणूस कॉकपिटमध्ये होता. बहुधा उतरणं जमणार नाही, वर जावं लागेल, असा त्याचा अंदाज. मग ‘चारशे’ असा आकडा आला.

चारशे म्हणजे त्यांच्या हिशेबाने थांबायची उंची. प्रत्यक्षात विमान तिथून जवळपास तीनशे फूट खाली होतं.

हे कसं झालं? एक शक्यता साधी आणि म्हणूनच भयंकर आहे. विमानात दोन तऱ्हेचे उंचीमापक होते. एक हवेच्या दाबावर चालतो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. दुसरा रेडिओलहरी खाली सोडतो आणि थेट पोटाखालच्या जमिनीपर्यंतचं अंतर दाखवतो. सपाट मुलखात दोन्हींचा मेळ बसतो. इथे विमान दरीवरून येत होतं. दरीचा तळ धावपट्टीपेक्षा खूप खाली, त्यामुळे रेडिओ उंचीमापक खरा आकडा दाखवूनही फसवू शकत होता. तळापासून चारशे फूट म्हणजे धावपट्टीपासून फार तर शंभर. त्यातच विमानाच्या वाटेवर केंटकीतल्या कॅटलेट्सबर्गचा तेलशुद्धीकरण कारखाना दिव्यांनी उजळलेला होता. तोही धावपट्टीच्या पातळीपेक्षा जवळजवळ तीनशे फूट खाली. ढगांच्या फटीतून खालचा उजेड दिसला की डोळ्यांना वाटतं, आपण पुरेसे वर आहोत.

७ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास

धावपट्टीच्या पश्चिमेला, ५,५४३ फूट अलीकडे, टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांना विमान घासलं. उजवीकडे कललं, जवळजवळ उलटं झालं आणि नाकावर दरीत कोसळून पेटलं. सुमारे ९५ फूट रुंद आणि २७९ फूट लांब जमीन जळून काळी पडली. या अपघातातून कुणी वाचणं शक्यच नव्हतं, असं चौकशी मंडळाने नंतर लिहिलं. विचिटाच्या संघाचं विमान आदळल्यावर काही जण बाहेर पडू शकले होते, इथे तो प्रश्नच नव्हता.

ती रात्र

डॉसन आणि पार्कर व्हर्जिनियातल्या एका खेड्यातल्या दुकानात उकडलेल्या शेंगा विकत घेत होते. बातमी त्यांना तिथे रेडिओवरून कळली. ज्यांच्याबरोबर दुपारपर्यंत काम केलं, ते सगळे. ब्रॅकेटही.

हंटिंग्टनमधल्या ७० मुलांनी त्या रात्री आई किंवा वडील गमावले. त्यांतल्या १८ जणांचे दोघेही गेले. शहरांवर संकटं येतात ती सहसा एखाद्या वस्तीवर, एखाद्या थरावर. इथे विद्यार्थी, प्राध्यापकांचे सहकारी, दवाखाना चालवणारे आणि कारभार पाहणारे एकाच विमानात होते. दुःख सांगायला जावं असं पुढच्या गल्लीतलं घर उरलं नाही.

पुढचे दिवस

रविवारी शोकसभा झाली. २१ नोव्हेंबरचा ओहायोविरुद्धचा सामना रद्द झाला आणि मार्शलचा १९७०चा हंगाम तीन-सहावरच गोठला. सहा खेळाडूंची ओळख पटवता आली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरण्यात आलं.

पुढच्या वर्षी जॅक लेंगिएल नावाच्या नव्या प्रशिक्षकाने संघ उभा केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळवायला तेव्हा बंदी होती, ती मार्शलपुरती शिथिल झाली. २५ सप्टेंबर १९७१ला झेवियर विद्यापीठाला त्यांनी १५-१३ने हरवलं, तेही अखेरच्या चालीवर. चित्रपट इथे उंचीवर पोचतो. त्या हंगामात दहापैकी आठ सामने हरले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला ते आठ पराभव जास्त विश्वासार्ह वाटतात.

१९७२

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल आला. कारण म्हणून मंडळाने लिहिलं ते असं: धावपट्टी नजरेत न येता विमान ठरलेल्या किमान उंचीखाली उतरलं. ते का उतरलं, हे ठरवता आलं नाही. दोन शक्यता नोंदवल्या. एकतर उपकरणांनी दिलेली माहिती चुकीच्या रीतीने वापरली गेली, किंवा उंचीमापकाच्या यंत्रणेतच बिघाड होता.

माझा कल पहिलीकडे आहे, कारण ध्वनिमुद्रणातला ‘चारशे’ हा आकडा आणि खालची दरी एकमेकांत चपखल बसतात. पण असं चपखल बसणं म्हणजे पुरावा नव्हे. मंडळाला सोपं उत्तर देता आलं असतं, मेलेल्या वैमानिकांवर खापर फोडायला कुणी हरकत घेत नाही. त्यांनी दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या आणि शिफारस केली ती यंत्रांची: उंचीचंही मार्गदर्शन करणाऱ्या दिशादर्शन प्रणाली लवकर आणा, बाहेर पाहतानाच उपकरणांचे आकडे डोळ्यांसमोर दिसतील असे पडदे बनवा. जमीन जवळ येतेय असं ओरडून सांगणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं करण्याचा आदेश अमेरिकेत डिसेंबर १९७४मध्ये निघाला. तोही वॉशिंग्टनकडे उतरणारं टीडब्ल्यूएचं बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळून ९२ माणसं मेल्यानंतर.