अंदाजाचे शास्त्र आणि एक चोरीस गेलेले घड्याळ

गेल्या काही वर्षांत चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तर्कपंडितासंबंधी एवढे ग्रंथ निघाले आहेत की, हयातीत या मनुष्याला कोणतेही विद्यापीठ दाराशी उभे करीत नव्हते यावर विश्वास बसू नये. त्याचे आडनाव पाहून पुष्कळजण ‘पीअर्स’ असे वाचतात. खरा उच्चार ‘पर्स’, आपण पैशांची पर्स म्हणतो तसाच. ही पर्स उतारवयात बहुतेक रिकामीच असे. इंडियानापोलिसच्या संपादकांनी १९८२ ते २०१० या काळात त्याच्या लेखनाचे सात जाडजूड खंड काढले, तरी त्यांची मजल १८९२ सालापलीकडे गेली नव्हती. फराळाच्या ताटाशेजारी तर्कशास्त्र कशाला, असे वडीलधारी मंडळी म्हणतील. पण या शास्त्रात एक चोरी आहे, आणि चोरीची गोष्ट दिवाळीतही चालते.

१८७९ च्या जून महिन्यात पर्स बोस्टनहून ‘ब्रिस्टल’ नावाच्या आगबोटीने न्यूयॉर्कला आला. तो सरकारच्या किनारा-मोजणी खात्यात नोकरीला होता. लंबकाची आंदोलने मोजून गुरुत्वाकर्षण कोठे किती आहे हे ठरवणे, हे त्याचे काम. घाईने उतरला आणि मागाहून ध्यानात आले की, ओव्हरकोट व घड्याळ केबिनमध्येच राहिले. परत जाऊन पाहतो तो दोन्ही नाहीत. घड्याळ किमती, शिवाय सरकारी. त्याने बोटीवरच्या सगळ्या काळ्या वाढप्यांना एका रांगेत उभे करवले आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलत तो टोकापर्यंत गेला. पुरावा शून्य. चोर कोण याचा तिळमात्र उलगडा होईना. तेव्हा त्याने स्वतःलाच बजावले की, काही झाले तरी एकावर बोट ठेवलेच पाहिजे; आणि मागे वळून एकाला बाजूला घेतले. त्याने अर्थातच कानांवर हात ठेवले. पिंकर्टनच्या नामांकित गुप्तहेर कचेरीने आपल्या अनुभवाच्या जोरावर भलत्याच वाढप्यावर पाळत ठेवली आणि ती हात हलवीत परतली. शेवटी बक्षीस जाहीर झाल्यावर घड्याळ एका गहाणवटीच्या दुकानात सापडले, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाचे जे वर्णन केले ते पर्सने निवडलेल्या माणसाशी तंतोतंत जुळले!

ही हकीकत पर्सने १९०७ च्या सुमारास लिहिली. छापली गेली १९२९ साली, तो वारल्यावर पंधरा वर्षांनी. सांगणारा स्वतःच नायक असला की गोष्टीत थोडे तिखटमीठ असायचेच, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. परंतु पर्सला येथे बढाई मारायची नव्हती. त्याला पडलेला प्रश्न निराळाच होता. पुराव्यावाचून केलेला अंदाज खरा ठरतोच कसा?

ॲरिस्टॉटलपासून तर्काच्या दोन वाटा सर्वांना ठाऊक होत्या. नियमावरून उदाहरणाकडे जाणे हे निगमन, अनेक उदाहरणांवरून नियमाकडे जाणे हे विगमन. पर्सने १८७८ च्या एका लेखात बियांच्या पिशवीचा दाखला देऊन तिसरी वाट दाखवली. या पिशवीतल्या सगळ्या बिया पांढऱ्या आहेत, म्हणून हिच्यातून काढलेली मूठही पांढरी निघणार, हे निगमन. मुठीमागून मूठ पांढरीच निघते, तेव्हा पिशवीतल्या सगळ्याच पांढऱ्या असाव्यात, हे विगमन. पण मेजावर मूठभर पांढऱ्या बिया पडल्या आहेत, शेजारी पांढऱ्या बियांची पिशवी आहे; तेव्हा या तिच्यातल्याच असाव्यात, ही तिसरी तऱ्हा. हिला तो पुढे ‘ॲबडक्शन’ म्हणू लागला. इंग्रजी व्यवहारात या शब्दाचा अर्थ माणूस पळवून नेणे असा होतो, त्यामुळे वाचक आजही दचकतात.

आपल्या घरचे उदाहरण घेऊ. पहाटे दार उघडले आणि अंगण ओले दिसले. पाऊस पडला असेल तर अंगण ओले असणे ओघानेच आले. म्हणून पाऊस पडला असावा. पण दिवाळीचे दिवस आहेत, सूनबाईंनी सडाही घातला असेल. तेव्हा रस्त्याकडे पाहावे, शेजारची कौले पाहावीत. या तऱ्हेचा तर्क मनुष्याला संशयाचा हक्क देतो, निकालाचा देत नाही. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे, या आपल्या मीमांसकांच्या अर्थापत्तीशी पर्सच्या तर्काचे नाते अभ्यासक जोडतात. नाते आहे खरे. फरक एवढाच की, मीमांसकांनी अर्थापत्तीला प्रमाणाच्या पाटावर बसवले आणि पर्सने आपल्या अंदाजाला उंबरठ्यावरच थांबवून ओळख विचारली. मला पर्सची सावधगिरी अधिक पटते.

शाळेत उत्तर बरोबर आले पण रीत दाखवली नाही, की आम्ही मास्तर लोक ‘अंदाजपंचे’ म्हणून गुण कापतो. पर्सचे म्हणणे असे की, विज्ञानातली प्रत्येक नवी कल्पना अंदाजपंचेच आलेली असते, रीत तिच्या मागून येते. त्याचा लाडका दाखला केप्लरचा. टायको ब्राहेने केलेल्या मंगळाच्या वेधांशी वर्तुळाचे गणित जुळेना. चूक अवघी आठ कलांची, म्हणजे एका अंशाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. दुसरा कुणी असता तर तेवढे सोडून देता. केप्लरने एकामागून एक आकार मनात आणले, गणिताने पारखले, टाकले. आणि १६०९ साली लंबवर्तुळ जगापुढे ठेवले. शक्य असलेल्या अंदाजांना अंत नाही, तरी माणूस चार-दोन प्रयत्नांत खऱ्याच्या जवळ जातो. अंड्यातून निघालेले पिल्लू नेमका दाणा टिपते, तशीच माणसाच्या बुद्धीलाही निसर्गाची काही उपजत ओळख असावी, असे पर्सला वाटे. एरिक लार्सन यांच्या २०२१ च्या पुस्तकात विचार करणाऱ्या यंत्रांविषयी हाच मुद्दा आहे: यंत्र नियम चालवील, ढीगभर उदाहरणे चाळील, पण हा तिसरा तर्क त्याला कसा शिकवावा हे कुणाला सापडलेले नाही.

आता पुन्हा त्या रांगेकडे पाहू. तिच्यात काळे वाढपीच तेवढे का? गोरे खलाशी होते, उतारू होते. गुलामगिरी कायद्याने संपून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती, आणि रांग कुणाची लावायची हे पर्सच्या डोक्याने नव्हे, त्याच्या समाजाने आधीच ठरवून ठेवले होते. उपजत म्हणून वाटणाऱ्या अंदाजात ऐकीव किती, हे एवढ्या मोठ्या तर्कपंडितालाही त्या दिवशी दिसले नाही. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि १९५२ पर्यंत टिकला. तेथे अंदाजाला उंबरठ्यावर कुणी थांबवले नाही. संशय आणि निकाल एकच होऊन बसले.

गंमत अशी की, या रोगावरचे औषधही पर्सच्याच लेखणीतून उतरले होते. १८७७ साली त्याने माणसाच्या समजुती पक्क्या होण्याचे चार मार्ग सांगितले: हट्ट, सत्तेचा धाक, आपल्या बुद्धीला रुचणे, आणि अनुभवाची कसोटी. पहिले तीन केव्हातरी उघडे पडतात. पुढच्याच वर्षी त्याने लिहिले की, एखाद्या कल्पनेचा अर्थ तिच्या परिणामांत पाहावा. हिरा कठीण आहे म्हणजे इतर बहुतेक पदार्थांनी त्याच्यावर ओरखडा उठत नाही, एवढेच. हाच फलप्रामाण्यवादाचा उगम. १८९८ साली विल्यम जेम्सने ते नाव गाजवले आणि त्याचा अर्थ इतका सैल झाला की, १९०५ मध्ये पर्सने आपल्या मतासाठी मुद्दाम एक बेढब नाव घडवले, म्हणजे ते तरी कुणी पळवणार नाही!

पहिल्या पत्नीशी काडीमोड होण्यापूर्वीच दुसरीबरोबर राहिल्याचा बोभाटा होऊन १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली त्याची नोकरी गेली. पुन्हा मिळाली नाही. मिलफर्ड गावी कर्जबाजारी अवस्थेत तो लिहीत राहिला, जेम्सने मित्रांकडून वर्गणी गोळा करून दिली, आणि १९१४ मध्ये कर्करोगाने तो गेला. हस्तलिखितांचा ढीग हार्वर्डला पोचला.

जॉन्स हॉपकिन्समध्ये पर्सच्या तर्कवर्गात जॉन ड्यूई नावाचा विद्यार्थी बसला होता. त्याला तो वर्ग फार गणिती वाटला. गुरूची थोरवी त्याला उशिरा उमगली आणि १९३८ च्या आपल्या तर्कग्रंथात त्याने ती मोकळेपणाने मान्य केली. मधल्या काळात ड्यूई कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि तेथे १९१३ ते १९१६ या काळात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेले भीमराव आंबेडकर त्यांच्या वर्गात बसले. रांगेत कुणाला उभे करतात हे या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी ड्यूईंचे ऋण नाव घेऊन सांगितले आहे. वाडवडिलांकडून आले म्हणून सारेच पुढे चालवायचे नसते, त्यातले काय ठेवायचे ते समाजाने निवडायचे असते, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तेथे जातीला लावला.

या नात्यावर स्कॉट स्ट्राउड यांचा ग्रंथ २०२३ साली शिकागोहून निघाला. त्यासाठी त्यांनी बाबासाहेबांच्या संग्रहातल्या ड्यूईंच्या पुस्तकांवरच्या खुणा ओळीओळीने तपासल्या. १९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब कोलंबियाची सन्माननीय पदवी घ्यायला न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा जुन्या गुरूंची भेट होईल ही आशा त्यांच्या मनात होती. ते पोचण्यापूर्वीच, १ जूनला, ड्यूई वारले होते.