न संपणारी चाल

दाभोसा-जव्हार परिसरात तारपा वाजू लागला की नाचाचा फेर वादकाच्या हुकमतीत येतो. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. वादक सूर तुटू देत नाही, कारण नाच केव्हा थांबेल हे आधी ठरलेले नसते. व्हिडिओ गेमच्या संगीताकडे आम्ही वळलो ते या वाटेने. तोवर आमच्या लेखी तो निव्वळ गोंगाट होता.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये सूर अवघे चार. शत्रू कमी होतात तशी त्यांची लय वाढते. येथे हुकमत उलटी: खेळणाऱ्याची कृतीच संगीताला हाकते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली कोजी कोंडो यांची चाल वेळ सरत आला की धावू लागते. खेळणारा किती रेंगाळेल हे रचनाकाराला ठाऊक नसते, म्हणून चालीचा शेवट पुन्हा आरंभाला जोडावा लागतो.

आमच्या मते तिची खरी परीक्षा मात्र उत्तरभागात होते. १९८६ च्या ‘द लिजंड ऑफ झेल्डा’च्या आरंभासाठी कोंडोंना राव्हेलचा ‘बोलेरो’ हवा होता. स्वामित्वहक्काची मुदत संपली नव्हती. नवी चाल ऐनवेळी रचावी लागली. दुसऱ्या भागाचे (१९८७) संगीत अकितो नाकात्सुका यांनी दिले. १९९१ च्या तिसऱ्या भागात कोंडो परतले, आणि त्यांच्याबरोबर ती नाइलाजाने जन्मलेली चालही, अधिक भरदार होऊन. झेल्डा म्हटले की आज तीच आठवते. ‘बोलेरो’ची उणीव कोणाला भासत नाही.