भंडारा जिल्ह्यातील लाखोळी : आहार, अन्नाची उपलब्धता आणि आरोग्य यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारी तलाव म्हणून प्रसिद्ध झालेल्या जलाशयांच्या आधारावर येथील भातशेती उभी राहिली. या धानाच्या सोबतीने सामान्य कुटुंबाच्या ताटात आलेली डाळ म्हणजे लाखोळी होय. लाखोळीचे वरण, वडे, झुणका आणि कोवळ्या पाल्याची भाजी हे पूर्व विदर्भातील नित्याचे पदार्थ आहेत. मात्र वैद्यकशास्त्राच्या इतिहासात हीच डाळ पाय लुळे करणारी म्हणून कुप्रसिद्ध आहे. एकच धान्य एका परिस्थितीत पोषक आणि दुसऱ्या परिस्थितीत घातक का ठरते, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र होईपर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळाच्या विवेचनात ‘भंडारा’ या संज्ञेत गोंदियाचाही समावेश आहे.

पीक आणि लोकाहार

लाखोळीला स्वतंत्र मशागत लागत नाही. धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतील ओलसर चिखलात तिचे बी फेकले जाते. धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर हे पीक वाढते. या पद्धतीस उतेरा असे म्हणतात. नांगरणी, खत आणि ओलीत यांचा खर्च नसल्याने अल्पभूधारकास ते परवडते. दाण्यात सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिने असतात. भातात जी अमिनो आम्ले कमी असतात त्यांतील काही डाळीतून मिळतात आणि डाळीतील गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव भात काही अंशी भरून काढतो. भात आणि लाखोळी यांची सांगड अशा रीतीने पोषणाच्या दृष्टीनेही योग्य होती.

दुष्काळ आणि पायांचा लुळेपणा

लाखोळीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची काटकता. इतर पिके बुडाली तरी ती तग धरते. दुर्दैवाने याच गुणातून आपत्ती उद्भवली. कर्नल स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात सागर प्रदेशातील असा एक प्रसंग नोंदविला आहे. तेथे १८२९ पासून गव्हाची पिके लागोपाठ बुडाली आणि शेतात केवळ तिवडा, म्हणजेच लाखोळी, उरली. लोकांनी तिच्यावरच निर्वाह केला आणि १८३३ पासून तरुणांचे कमरेखालील अवयव अचानक निकामी होऊ लागले. या विकारास १८७३ मध्ये इटालियन वैद्य कांतानी यांनी ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले.

मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक दशांशाने घटली. मध्य प्रांतातील १८९६ ते १९०२ या काळातील लॅथिरिझमवर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी तयार केलेला अहवाल १९०४ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. दुष्काळ आणि हा विकार यांचा संबंध शासनाच्याही ध्यानी आला होता, हे यावरून स्पष्ट होते.

दुष्काळ नसतानाही ही स्थिती निर्माण होऊ शकत होती. शेजारच्या मध्य प्रदेशातील रेवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून ही डाळ दिली जात असे. तेथे रोगाचा भार याच वर्गावर पडला. जमीनदाराच्या घरातही ही डाळ होती, परंतु त्याच्या ताटात इतर अन्नही होते.

शास्त्रीय उलगडा

दाण्यातील ‘ओडॅप’ हे चेताविषारी द्रव्य १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. आहारातील उष्मांकांचा सुमारे एक तृतीयांश किंवा अधिक वाटा दोन-तीन महिने सतत या डाळीतूनच येत असल्यास विकाराचा धोका संभवतो. एकदा आलेला लुळेपणा सहसा बरा होत नाही. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा मोठा भाग निघून जातो. परंतु दुष्काळात नेमके पाणी आणि सरपणच दुर्मीळ होते. म्हणजे विष दाण्यात असले तरी त्याची मात्रा मनुष्याचे दारिद्र्य ठरवीत होते.

बंदी आणि तिचे परिणाम

केंद्र शासनाने १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तरतूद करून या डाळीच्या विक्रीस मनाई केली. हेतू लोकरक्षणाचा होता. तथापि बंदी विक्रीवर आली, गरिबाला दुसरी डाळ परवडेल अशी व्यवस्था मात्र तिच्यासोबत आली नाही. शेतकरी लाखोळी पिकवीत आणि खात राहिला, परंतु उघड्या बाजारात तिला मान्य भाव उरला नाही. स्वस्त लाखोळी तूरडाळीत आणि बेसनात भेसळ म्हणून शिरली. नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातील बंदी उठविली. पुढे रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅप असलेल्या वाणांची शिफारस झाली.

आजचा प्रश्न

आज जिल्ह्यात लॅथिरिझमचा रुग्ण क्वचितच आढळतो. धान्याची उपलब्धता वाढली आणि लाखोळी ही पोट भरण्याचे एकमेव साधन राहिली नाही, हे त्याचे प्रमुख कारण मानावे लागते. मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, परंतु त्या हक्कात डाळीचा समावेश नाही. ओलिताची सोय झालेल्या बांधीत खरिपानंतर उन्हाळी धान घेतले जाते आणि तेथे लाखोळीला जागा उरत नाही. पोट भाताने भरते, पण प्रथिनांसाठी बाजारातील महागड्या तुरीकडे पाहावे लागते.

निष्कर्ष

१. लॅथिरिझम हा केवळ एका धान्याचा रोग नव्हता. अन्नातील विविधता नष्ट झाल्याचा तो परिणाम होता.

२. केवळ बंदीने आरोग्यरक्षण साधत नाही. त्यासोबत पर्यायी अन्न उपलब्ध होणे आवश्यक असते.

३. कमी ओडॅपचे वाण, डाळ भिजवून पाणी टाकण्याच्या रीतीचा प्रसार आणि शिधावाटपात डाळीचा समावेश या तिन्ही उपायांचा एकत्रित विचार व्हावा.

एकाच धान्यावर विसंबण्याची किंमत या प्रदेशाने एकदा मोजली आहे. त्या वेळी ते धान्य लाखोळी होते. आज केवळ भातावर भागविणाऱ्या कुटुंबाचे पाय लुळे पडत नाहीत, म्हणून त्याचे कुपोषण आपल्या नजरेतून सुटू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.