दाढेचा जीर्णोद्धार

वैनगंगेच्या कांठीं, जेथें ती नदी वळून उत्तरवाहिनी होते, तेथें मार्कंडा नांवाचें लहानसें गांव आहे. मार्कंडेश्वराचें देऊळ आणि त्याच्या भोंवतालचीं लहानमोठीं देवळें पाहण्यास महाशिवरात्रीला तेथें लोकांची रीघ लागते. मुख्य देवळाच्या शिखरावर फार पूर्वीं वीज पडली, वरचे दगड मंडपावर कोसळले, आणि पुढें गोंड राजवटींत आंत जाड, साधे खांब उभे करून उरलेलें छत तोलून धरण्यांत आलें, अशी हकीकत सांगतात. कोरीव कामाच्या शेजारीं ते ओबडधोबड टेकू पाहून रसिक नाक मुरडतात. मला मात्र ते पाहून दुसराच विचार सुचतो. पडझड झालेली वस्तु सावरतांना नवें काम जुन्याला धरून राहावें कसें? टेकू देऊन, खांच पाडून, कीं चिकटवून? आजचें भाषण देवळावर नसून तोंडांतील दाढेवर आहे. परंतु प्रश्न हाच आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत मनुष्यजातीचीं कित्येक हजार वर्षें गेलीं आहेत. मी वैद्य नव्हे; शाळेंत इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा मनुष्य आहें. तेव्हां जें सांगणार तें इतिहासाच्या अंगानें.

बलुचिस्तानांत मेहेरगढ येथील अतिप्राचीन दफनभूमींत नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा सांपडल्या कीं, त्यांत गारगोटीच्या अणकुचीदार हत्यारानें भोंकें पाडलेलीं आहेत. हीं माणसें साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींचीं. हा शोध प्रसिद्ध झाला २००६ सालीं. भोंकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे भोंक पाडल्यानंतरहि तीं माणसें त्याच दाढांनीं चावीत होतीं. आंत कांहीं भरलें असल्यास तें आज उरलेलें नाहीं. आपल्याकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत किडलेल्या दांताची पोकळी गूळ किंवा मेण यांनीं भरावी व तापलेल्या शलाकेनें डाग द्यावा, असें सांगितलें आहे. हें भरणें दांत टिकविण्यासाठीं नव्हे, तर आंतला कृमि जाळण्यासाठीं. दांतांत खरोखरच किडा असतो ही समजूत जगभर होती. फ्रान्समधील पिएर फोशार यांनीं १७२८ च्या आपल्या ग्रंथांत ती खोडून काढली. 'दाढ किडली' हा शब्दप्रयोग मात्र आपण अजून सोडलेला नाहीं, आणि सोडण्याचें कांहीं कारणहि मला दिसत नाहीं.

पुढचें युग चांदीचें. चांदीचा कीस पाऱ्यांत कालवला कीं लोण्यासारखा मऊ गोळा होतो आणि थोड्याच वेळांत दगडासारखा घट्ट बनतो. चीनमध्यें इ. स. ६५९ च्या एका औषधिग्रंथांत अशा मिश्रणाचा उल्लेख आहे. अमेरिकेंत तें १८३३ सालीं क्रॉकूर नांवाच्या दोघां भावांनीं मोठा गाजावाजा करून नेलें. किडलेला भाग नीट न काढतां ते वरून गोळा दाबून देत, आणि पैसे घेऊन मोकळे होत. यामुळें तेथील प्रतिष्ठित दंतवैद्य इतके खवळले कीं, १८४० मध्यें स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेनें सभासदांकडून 'आम्ही पारा वापरणार नाहीं' अशी लेखी प्रतिज्ञा मागितली. प्रतिज्ञेपायीं सभासद फुटले, आणि १८५६ सालीं संस्थाच बुडाली! चांदी मात्र टिकली. पुढें जी. व्ही. ब्लॅक यांनीं तिच्या मिश्रणाचें प्रमाण शास्त्रशुद्ध केलें आणि १९०८ च्या आपल्या ग्रंथांत दाढ कशी कोरावी याचे नियम घालून दिले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दाढांत जी 'चांदी भरली' जाई ती याच परंपरेंतील.

या चांदीचा एक मोठा दोष होता, आणि तो पाऱ्याइतका बोलला जात नाहीं. ती दांताला चिकटत नाहीं. सुतार जसा सांधा बसविण्यासाठीं लाकडाला आंत रुंद, तोंडाशीं अरुंद अशी खांच पाडतो, तशी दाढेंत पाडावी लागे. नाहीं तर भरलेली चांदी निघून यावयाची. म्हणजे कीड जेवढी, त्याहून अधिक चांगली दाढ कापावयाची. शिवाय आजूबाजूच्या निरोगी खांचाहि, पुढें किडूं नयेत म्हणून, आधींच कापून घ्याव्या असा ब्लॅक यांचा दंडक होता. दुरुस्तीसाठीं जुन्याची मोडतोड करावी लागे ती अशी. मोठी चांदी भरलेल्या दाढेच्या उरलेल्या भिंती वर्षानुवर्षें चावून शेवटीं तडकत, आणि एखाद्या दिवशीं सुपारीच्या खांडाबरोबर अर्धी दाढ हातांत येई. तरीहि चांदीला नांवें ठेवणें मला पटत नाहीं. स्वस्त, चिवट आणि लाळेची फारशी पर्वा न करणारी ती वस्तु होती, आणि तिनें गरिबांच्या असंख्य दाढा तीस-तीस वर्षें चालविल्या.

चिकटविण्याची युक्ति सांपडली ती १९५५ सालीं, आणि ती आली रंगाऱ्यांच्या धंद्यांतून. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोरे यांच्या लक्षांत आलें कीं, धातूच्या पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधीं फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनीं तेंच आम्ल दांताच्या वरच्या कठीण कवचाला अर्धा मिनिट लावून पाहिलें. कवचावर डोळ्यांना न दिसणारीं बारीक छिद्रें पडलीं, आणि त्यांत शिरलेली कृत्रिम राळ घट्ट रुतून बसली. भिंतीला टांचे मारून गिलावा करतात त्यांतलाच हा प्रकार! दुसरी पायरी राफाएल बोवेन यांची. हे स्वतः दंतवैद्य. त्यांनीं एक नवी राळ तयार केली आणि तींत गारेची बारीक पूड अशा रीतीनें मिसळली कीं, पूड राळेला रासायनिक बंधानें धरून राहील. त्याचें पेटंट त्यांना १९६२ सालीं मिळालें. राळ आणि पूड यांच्या या संयोगालाच 'कंपोझिट' म्हणतात.

पण पुढच्या दांतांना शोभणारी ही वस्तु दाढेवर टिकेना. चावण्याच्या जोरानें ती झिजे, आणि कवचाखालच्या ओलसर, जिवंत भागाला नीट धरीत नसे. त्या भागालाहि आम्ल लावावें असें जपानच्या ताकाओ फुसायामा यांनीं १९७९ च्या सुमारास धीटपणें सांगितलें. तेव्हां आंतली नस मरेल म्हणून पाश्चात्त्य तज्ज्ञ कांहीं काळ बिचकले. १९८२ सालीं नोबुओ नाकाबायाशी यांनीं दाखविलें कीं, राळ दांताच्या तंतूंत शिरते आणि दोहोंचा मिळून एक नवाच थर बनतो. पूडहि अधिक बारीक व टणक झाली. तेव्हांपासून कंपोझिटचा दाढेंतील प्रवेश खऱ्या अर्थानें सुरू झाला.

दोन भिंती पडलेली दाढ आज कशी उभी करतात, तें थोडक्यांत सांगतों. मऊ झालेली कीड काढावयाची; नस मेली असेल तर आधीं रूट कॅनल. मग दाढेभोंवतीं रबराचा पातळ पडदा ताणून बसवावयाचा, कारण लाळेचा एक थेंब सगळें काम नासवितो. हा पडदा मात्र जुना. बार्नम नांवाच्या दंतवैद्यानें तो १८६४ सालीं काढला. नंतर आम्ल, पाणी, चिकटद्रव. पडलेल्या भिंतीच्या जागीं धातूची पातळ पट्टी. आणि तिच्या आधारानें कंपोझिटचे थर, एकेक सामान्यतः दोन मिलिमीटरहून जाड नाहीं, प्रत्येकावर निळ्या प्रकाशाचा झोत. एकदम सारी पोकळी कां भरीत नाहींत? कारण राळ घट्ट होतांना आकसते. एकदम भरली तर ती भिंतीपासून सुटते, फट राहते आणि फटींतून कीड पुन्हा शिरते. शिवाय जाड थराच्या तळापर्यंत प्रकाशहि पोंचत नाहीं. पातळ, दुबळे उरलेले उंचवटे थोडे कमी करून त्यांवरहि कंपोझिटचें आच्छादन घालावें लागतें, नाहीं तर तेच पुढें तुटतात. पडझड हिरडीच्या खालपर्यंत गेली असेल आणि जागा कोरडी राहत नसेल, तर कंपोझिटचा आग्रह न धरणारा वैद्य प्रामाणिक समजावा.

म्हणजे पहा, चांदीला मोठी खांच लागे. कंपोझिटला ती लागत नाहीं, पण कोरडेपणा, वेळ, वीज, तरबेज हात आणि पुरेसें उघडणारें तोंड लागतें. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत नेमकी याचीच वाण आहे. येथें खर्रा फार खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो तोबरा एकीकडून दाढा झिजवितो आणि दुसरीकडून तोंडच बंद करतो. गालाच्या आंतल्या आवरणाखालीं ताठ तंतूंचे पट्टे तयार होतात, आणि तीन बोटें सहज मावावींत तेथें एक बोट जाईना असें होतें. या रोगाचें वर्णन श्वार्ट्झ यांनीं १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पांच भारतीय स्त्रियांवरून केलें; पुढच्याच वर्षीं जोशी यांनीं आपल्या देशांतील रोग्यांवरून केलें. अशा तोंडांत शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार जात नाहीं, प्रकाशाची नळी सरळ बसत नाहीं. गडचिरोलींत २०१६ पासून चाललेली 'मुक्तिपथ' ही दारू-तंबाखूविरुद्धची मोहीम दाढांसाठीं काढलेली नाहीं. परंतु जगांतील उत्तमोत्तम कंपोझिटपेक्षां या दाढांना तिचा उपयोग अधिक होईल, असें मला वाटतें. चंद्रपूर जिल्ह्यांत कांहीं गांवच्या पाण्यांत फ्लोराइड जास्त आहे, त्याचाहि त्रास होतो. त्यानें डागाळलेलें कवच आम्लाला सहजासहजीं दाद देत नाहीं, आणि राळ तेथें कच्ची धरते.

मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें, नागपुरास शासकीय महाविद्यालय १९६८ सालीं. जंगलांतल्या माणसाला नागपूर म्हणजे मजुरी बुडवून दिवसाचा प्रवास. थरावर थर देणाऱ्या कामाला एकच खेप पुरेल याची खात्री नसते. दाढ उपटणें पांच मिनिटांत होतें. तो काय निवडतो हें सांगावयास नको. पाऱ्याची चांदीहि आतां जात आहे. २०१३ च्या मिनामाता करारांत तिचा वापर कमी करण्याचें ठरलें, भारतानें तो करार २०१८ सालीं मान्य केला, आणि युरोपीय संघानें १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर बहुतेक बंदच केला. पाऱ्याचें विष नदीनाल्यांत जाऊं नये हें योग्यच. पण ओल्या तोंडांतहि निभावून नेणारी स्वस्त वस्तु गेल्यावर तिची जागा कोण घेणार?

एक उत्तर आफ्रिकेंतून आलें आहे. टांझानियांत १९८० नंतरच्या दशकांत वीज आणि यंत्र नसतां हातानेंच मऊ कीड खरवडून काढावयाची व ग्लास आयनोमर नांवाचें सिमेंट बोटानें दाबून भरावयाचें, अशी पद्धत सुरू झाली. हें सिमेंट विल्सन आणि केंट यांनीं १९७२ सालीं जगापुढें मांडलें. तें दांताला आपोआप चिकटतें आणि थोड्या ओलीला फारसें भीत नाहीं. सहाव्या वर्षीं, दुधाच्या दांतांच्या मागें, जी पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठीं ही पद्धत फार चांगली. ही दाढ दुधाचीच समजून आईबाप तिच्याकडे पाहत नाहींत. सुशिक्षित घरांतहि हेंच चालतें, आणि सर्वांत आधीं किडते ती हीच. वरच्या खांचेंतील लहान पोकळी असेल तोंवर सिमेंट वर्षानुवर्षें निभावतें. दोन भिंती पडलेल्या दाढेला मात्र तें पुरत नाहीं. तिच्यासाठीं मार्कंड्याच्या माणसाला आजहि शहरच गांठावें लागतें.