अंगणातली केळ आणि वसईची नऊ नावं



आपल्याकडे जुन्या घरात न्हाणीच्या मागे, सांडपाणी जातं तिथे, एक तरी केळ असायचीच. पूजेला खांब तिचे, पंगतीला पान तिचं, भाजीला केळफूल तिचं. लोंगर पिकलं की आळीभर फण्या वाटायच्या. पण ती केळ कोणत्या जातीची, असं आज विचारलं तर किती जणींना सांगता येईल? बाजारात बहुतेक दोनच नावं कानावर पडतात. मोठी ती नुसती ‘केळी’ आणि बारीक ती ‘वेलची’.

इंग्रज सरकारनं १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. तेव्हा वसई आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्या गॅझेटियरमध्ये केळीच्या नऊ जाती दिल्या आहेत: बसराई, मुठेली, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी, बेनकेळी, करंजेली आणि नरसिंगी. एका जिल्ह्यात नऊ नावं! ती नावं ओळखणारी, वेगळी ठेवणारी माणसं होती म्हणून ती कागदावर आली.

ही माणसं वसई, आगाशी, बोळिंज, निर्मळ भागातली वाडीवाली. वाडवळ, सामवेदी, पाचकळशी, त्यात हिंदूही आणि ख्रिस्तीही. विहिरीवर बैलाचा रहाट, पाटानं पाणी, वर नारळ-सुपारीची सावली आणि खाली केळ नि पानवेल. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, पुढे इंग्रज आले. राज्यं बदलत गेली, वाडीतलं पाणी मात्र केळीच्या बुंध्याशी जातच राहिलं.

पोर्तुगीज लोक केळ्याला हिंदुस्थानचं अंजीर म्हणत. गार्सिया द ओर्ता या वैद्यानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात याच नावानं केळ्याची माहिती दिली आहे. वसईची सुकेळी पाहिली की हे नाव पटतं. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, उन्हात काही दिवस वाळवायची, मग सुक्या पानात घट्ट बांधायची. साखर नाही, तेल नाही. मऊ, तपकिरी, मधासारखी गोड सुकेळी तयार होतात. आगाशीच्या सुकेळ्यांचा लौकिक त्या जुन्या गॅझेटियरच्या काळीही होता. टिकणारा माल घरच्या घरी कसा करायचा, हे या भागातल्या घरांना बचत गटांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

मग नावं गेली कुठे? शहर वाढलं. वसईत वाड्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं. ते वाचवायला ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. आपल्या कल्याण-डोंबिवलीकडे भातखाचरांवर इमारती आल्या. अंगण गेलं तशी अंगणातली केळही गेली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वांगं, भेंडी, वाल यांचं बी डब्यात राखून ठेवता येतं. आपण खातो त्या केळ्यात उगवणारं बीच नसतं. कंदाला फुटलेलं पिल काढायचं आणि दुसरीकडे लावायचं, एवढाच तिचा वंश. म्हणजे तुमच्या दारची राजेळी ही कुणीतरी कुणाला दिलेल्या पिलाचीच पुढची पिढी आहे. हे देणं-घेणं एकदा थांबलं, की ती जात त्या गावातून संपते.

एकाच जातीवर सगळं सोपवलं तर काय होतं, ते जगानं पाहिलं आहे. परदेशी व्यापारात पूर्वी ‘ग्रो मिशेल’ नावाचं केळं चालायचं. मातीतल्या बुरशीनं, पनामा मर रोगानं, १९५० ते ६० च्या सुमारास त्याच्या बागा बसल्या. त्याच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपली बसराई आणि हल्लीची जी-नाईन याच गटातल्या. आता या गटालाही मर रोगाच्या नव्या प्रकारानं गाठलं आहे. म्हणून दारात चार जाती असणं हा शहाणपणा आहे.

आता निवड. जागा थोडी, वारा जास्त, तर बुटकी बसराई लावा. लहान मुलांसाठी गोड केळी हवीत आणि उंच झाड चालणार असेल तर वेलची. भाजी, वेफर्स, सुकेळी करायची असतील तर राजेळी. तांबडी उशिरा येते, धीर असेल तरच लावा.

पिल घेताना तलवारीसारखी अरुंद पानं आणि जाड बुंधा असलेलं घ्या. लहानपणीच रुंद पानं आलेलं पिल अशक्त असतं. पावसाच्या सुरुवातीला दीड-दोन फूट खड्डा करून शेणखत घाला. दोन झाडांत निदान पाच-सहा फूट अंतर ठेवा, उंच जातीला थोडं जास्त. पाणी रोज हवं, पण साचू देऊ नका. लोंगर निसवेपर्यंत बाजूची पिलं काढत राहा, मग एकच पुढच्या वर्षासाठी राखा. लोंगराला टेकू द्या.

आणि एक इशारा. ज्या झाडाची पानं शेंड्याला अरुंद, उभी, गुच्छासारखी झाली असतील, त्याचं पिल कितीही प्रेमानं दिलं तरी घेऊ नका. तो पर्णगुच्छ रोग. तो मावा किडीनं आणि पिलांतून पसरतो, त्यावर औषध नाही. झाड कंदासकट उपटून नष्ट करावं लागतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर आणखी एक पान उघडा. कुणाच्या दारी कोणती केळ आहे, तिला घरातली वडीलधारी माणसं काय म्हणतात आणि ती कुठून आली, ते लिहा. एकाच जातीचं नाव वारंवार आलं, तर माहेरी चौकशी करा. पावसाळ्याआधी निरोगी झाडांची पिलं एकमेकींना द्या, आणि पिल देताना त्याचं नावही सांगा.