भिरूड

आंबा, फणस, अंजीर, काटेसावर अशा रुंदपर्णी झाडांचे खोड पोखरणारा मोठा भुंगेरा. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलॅटा. लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या सेरँबिसिडी कुळातील या कीटकाचे पहिले शास्त्रीय वर्णन १७७५ मध्ये झाले. प्रौढ भुंगेरा करडा-तपकिरी, साधारण पाच सेंटीमीटर लांबीचा. डोक्यामागच्या भागावर दोन नारिंगी ठिपके असतात.

खरा घात करते ती अळी. मादी सालीत चीर पाडून एकेक अंडे ठेवते. बाहेर पडलेली पांढरट, बिनपायांची अळी आधी सालीखाली कोरते, मग लाकडात शिरते आणि वाढत जाईल तसतसा बोगदाही रुंदावतो. अन्नरसाची वाट तुटते, फांदी पिवळी पडून वाळते. कोषही खोडातच होतो. पावसाळ्याच्या सुमारास नवे भुंगेरे बाहेर पडतात. सगळा जीवनक्रम साधारण वर्षाचा, आणि त्यातला बहुतेक काळ झाडाच्या पोटात. म्हणूनच नुसती वरवरची फवारणी अळीपर्यंत पोचत नाही.

तोडलेल्या ओंडक्यातही आत राहिलेली अळी कोरत राहते. सुक्या लाकडाचे पीठ करणारा घुण मात्र वेगळा. त्याची मादी लाकडाच्या सूक्ष्म नलिकांत अंडी घालते आणि अळ्या तिथल्या पिष्टावर जगतात. अशा नलिका रुंदपर्णी लाकडातच असतात. त्यामुळे देवदार-चिडाला हा घुण लागत नाही. सागाचे बाहेरचे पांढरे लाकूड तो खातो, गाभा सोडतो.

आंब्याचे जुने झाड म्हणजे पिढ्यांची ठेव. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरातील 'बादशाहपसंद' झाडाच्या आंब्यांवरून शहाजहानने दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाकडे नाराजी कळवली होती. कोकणापासून तापीखोऱ्यापर्यंत अशी वडिलार्जित झाडे आजही उभी आहेत, आणि दुर्लक्षित खोड भिरुडाला आयतेच सापडते.

उपाय जुनाच, पण हाताने करण्याचा: छिद्रात आकडीची तार घालून अळी ओढून काढायची, आत रॉकेलात भिजवलेला बोळा सारून तोंड चिखलाने लिंपायचे. वाळलेल्या, किडक्या फांद्या पावसाआधी कापून जाळाव्यात. बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा दिसला, तर त्याच दिवशी छिद्र शोधावे.