कॅम्बलटाउनच्या भट्ट्या

एखाद्या धंद्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याच्या भरभराटीचे आंकडे मांडावयाचे, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु धंद्याचें खरें स्वरूप भरभराटीच्या काळांत दिसत नाहीं. तें ओहोटीच्या काळांत दिसतें. आज आम्ही वाचकांपुढें जी हकीकत ठेवीत आहों ती मद्य गाळण्याच्या धंद्याची आहे. मद्यपानाची भलावण करणें हा आमचा हेतु नाहीं, आणि त्याचा निषेध करण्यासाठींही हा लेख लिहिलेला नाहीं. कारागिरीच्या धंद्याला कायदा, यंत्र आणि बाजार या तिघांना एकदम तोंड द्यावें लागलें म्हणजे काय होतें, एवढाच आमचा विषय आहे. आणि त्याचें उदाहरण म्हणून कॅम्बलटाउनइतकें बोलकें गांव क्वचितच सांपडेल.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किंटायर नांवाचें एक लांबट व चिंचोळें द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण टोंकाकडे कॅम्बलटाउन हें बंदर वसलेलें आहे. सभोंवार सातूचें पीक, दलदलींत मिळणारें पीट नांवाचें जळण, जवळच दगडी कोळशाची खाण आणि ग्लासगोकडे जाण्यास समुद्राची वाट. अशा ठिकाणीं मद्याची भट्टी न लागती तरच नवल! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा धंदा बहुतेक चोरटाच होता. रॉबर्ट आर्मर नांवाच्या तेथील तांबटाच्या हिशेबाच्या वह्या उपलब्ध आहेत. १८११ पासून पुढील कांहीं वर्षांत त्यानें लहान लहान भट्टीपात्रें कोणाकोणास विकलीं, याच्या नोंदी त्यांत आहेत. गिऱ्हाइकांमध्यें स्त्रियांचींही नांवें आढळतात. यावरून मद्य गाळणें हें तेथें घरगुती काम होतें, हें उघड होतें.

या घरगुती कामाचा धंदा झाला तो १८२३ च्या अबकारी कायद्यानें. तोंपर्यंत कर इतका जबर होता कीं, परवाना घेऊन भट्टी चालविणारा बुडे आणि चोरून चालविणारा तरे. नव्या कायद्यानें दहा पौंडांचा वार्षिक परवाना व दर गॅलनला २ शिलिंग ३ पेन्स एवढाच कर ठेवला. त्याचा परिणाम असा झाला कीं, काल रात्रीं डोंगरांत लपून काम करणारा मनुष्य आज दिवसाढवळ्या परवाना मागावयास आला. कॅम्बलटाउनमध्यें पुढील दहाबारा वर्षांत एकामागून एक भट्ट्या उभ्या राहिल्या. ज्या स्प्रिंगबँक भट्टीविषयीं पुढें सांगावयाचें आहे, तिला १८२८ सालीं परवाना मिळाला.

येथें आपल्या प्रांताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सरकार तेंच, खातेंही अबकारीचेंच. परंतु मुंबई इलाख्यांत नेमकी उलट गोष्ट घडली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मद्य गाळण्याचें काम गांवोगांवच्या लहान भट्ट्यांकडून काढून मोजक्या मध्यवर्ती कारखान्यांत एकवटण्याचें धोरण पक्कें केलें. उरणच्या कारखान्यांत मोहाची दारू गाळली जाऊं लागली; आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आला. ज्या झाडाखालीं आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्याचें फूल पदरांत असणें हा गुन्हा ठरला. एके ठिकाणीं कायद्यानें चोरट्या कारागिराला कारखानदार केलें. दुसऱ्या ठिकाणीं कारागिराला चोर केलें. कायद्याच्या या दोन हातांमधील फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

पुन्हां कॅम्बलटाउनकडे वळूं. कायद्याच्या मागोमाग यंत्र आलें. एनियस कॉफी हा आयर्लंडमधील अबकारी खात्यांत काम केलेला गृहस्थ. त्यानें १८३० च्या सुमारास नव्या प्रकारच्या भट्टीचें पेटंट घेतलें. जुन्या तांब्याच्या पात्रांत एक घाणा गाळून झाला कीं पात्र रिकामें करून पुन्हां भरावें लागे. कॉफीच्या उभ्या स्तंभांतून मद्याचा ओघ अखंड चाले. तें मद्य स्वस्त, सौम्य आणि बरेंचसें निर्गुण असे. १८६० च्या कायद्यानें हें धान्याचें मद्य व जुन्या पद्धतीचें माल्टचें मद्य यांचें मिश्रण सरकारी वखारींतच करण्याची मुभा दिली, आणि धंद्याचीं सूत्रें भट्टीवाल्याच्या हातून निसटून मिश्रण करणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातीं गेलीं. १८७७ सालीं धान्याचें मद्य करणाऱ्या सहा कारखान्यांनीं एकत्र येऊन डिस्टिलर्स कंपनी स्थापन केली.

आरंभीं या बदलाचा लाभ कॅम्बलटाउनला झालाच. तेथील मद्य जड व उग्र चवीचें. फिक्या मिश्रणाला रुचि आणण्यास तें उपयोगी पडे. १८८५ च्या सुमारास आल्फ्रेड बार्नार्ड हा लेखक ब्रिटनमधील भट्ट्या पाहत हिंडला, तेव्हां या एका लहानशा गांवांत त्याला एकवीस भट्ट्या आढळल्या. परंतु या समृद्धींत एक दोष होता. भट्टीवाल्याचें गिऱ्हाईक आतां पिणारा मनुष्य राहिला नव्हता; तो व्यापारी झाला होता. आणि व्यापाऱ्याचें मन पालटलें तर काय, याचा विचार कोणीं केला नव्हता.

पहिला धक्का १८९८ सालीं बसला. पॅटिसन बंधूंची मोठी पेढी उधारीवर व जाहिरातबाजीवर फुगली होती. ती त्या वर्षीं कोसळली आणि तिच्याबरोबर अनेकांचा पैसा बुडाला. पुढें १९०५ सालीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांत, धान्याचें मद्य व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल दुकानदारांवर खटले झाले. व्हिस्की म्हणजे नक्की काय, हा प्रश्न १९०८ सालीं रॉयल कमिशनपुढें गेला. आणि दोन्ही प्रकारच्या मद्यांस तें नांव लावतां येईल, असा निर्णय १९०९ सालीं झाला. जुन्या पद्धतीनें काम करणाऱ्यांच्या हातांतील शेवटचें शस्त्र, म्हणजे नांव, तेंही असें वांटलें गेलें.

त्यानंतरचीं वर्षें हलाखीचीं गेलीं. कर १९०९ पर्यंत गॅलनला ११ शिलिंग होता, तो १९२० सालीं ७२ शिलिंग ६ पेन्सपर्यंत चढला. त्याच वर्षीं अमेरिकेंत दारूबंदी सुरू झाली व ती १९३३ पर्यंत टिकली. मिश्रण करणाऱ्यांची आवड स्पे नदीच्या खोऱ्यांतील हलक्या मद्याकडे वळली. कॅम्बलटाउनमधील कित्येकांनीं मागणीच्या घाईंत माल बिघडविला होता; त्याचीही किंमत आतां द्यावी लागली. एक एक भट्टी विझत गेली. ग्लेन स्कोशियाचा एके काळचा मालक डंकन मॅकॅलम यानें १९३० सालीं बुडून जीव दिला. १९३४ च्या अखेरीस गांवांत दोनच भट्ट्या उरल्या: स्प्रिंगबँक व ग्लेन स्कोशिया.

या ऱ्हासाच्या काळांतील एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १९२० सालीं मासाताका ताकेत्सुरु हा जपानी तरुण गांवांतील हेझलबर्न या मोठ्या भट्टींत काम शिकण्यासाठीं राहिला. पाहिलेलें सर्व त्यानें वहींत टिपून घेतलें. पुढें १९३४ सालीं त्यानें जपानांत योइची येथें स्वतःचा कारखाना काढला. हेझलबर्न मात्र १९२५ सालींच बंद झाली होती. गुरूच्या घरची चूल विझली, पण निखारा दुसऱ्या देशांत जळत राहिला.

मग स्प्रिंगबँक कशी वांचली? तिचें उत्तर समजण्यासाठीं या धंद्याचा हिशेब समजला पाहिजे. आज गाळलेलें मद्य ओकच्या पिंपांत निदान तीन वर्षें, आणि चांगल्यापैकीं असेल तर दहाबारा वर्षें, मुरत पडतें. दरसाल सुमारें दोन टक्के मद्य हवेंत उडून जातें. म्हणजे भट्टीवाला सातू खरेदी करतो तो आजच्या गिऱ्हाइकासाठीं नव्हे. दहा वर्षांनंतरच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठीं. तोंपर्यंत त्याचें भांडवल अंधाऱ्या वखारींत अडकलेलें असतें. अशा धंद्याला उसनवारीचा पैसा व घाईचा मालक, दोन्ही मारक होत. स्प्रिंगबँक मिचेल घराण्याकडेच राहिली. १९८० नंतरच्या मंदींत बड्या कंपन्यांनीं अनेक भट्ट्यांना टाळें ठोकलें, तेव्हां स्प्रिंगबँकचीही आंच बहुतेक काळ थंडच होती. परंतु मालकांनीं ती विकली नाहीं.

आंच पुन्हां पेटली तेव्हां त्यांनीं उलट दिशेनें पाऊल टाकलें. इतर ठिकाणीं मोड आणलेला सातू कारखान्यांतून विकत आणण्याची पद्धत पडली होती. येथें १९९२ सालीं तो फरशीवर पसरून, फावड्यांनीं उलथून, घरींच मोड आणण्याचें काम पुन्हां सुरू झालें. मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सर्व कांहीं गांवांतच होऊं लागलें. यांत माणसें अधिक लागतात व खर्चही वाढतो. परंतु माल व्यापाऱ्याच्या मिश्रणांत न हरवतां स्वतःच्या नांवानें पिणाऱ्यापर्यंत पोंचतो. १९२५ पासून बंद असलेली शेजारची ग्लेनगाइल भट्टी याच घराण्यानें विकत घेऊन २००४ सालीं पुन्हां चालू केली. २००९ च्या नियमांत कॅम्बलटाउन हें स्वतंत्र मद्यप्रदेश म्हणून नोंदलें गेलें. एकविसांवरून दोनांवर आलेल्या गांवांत पुन्हां तीन भट्ट्या झाल्या.

तीन हा आंकडा लहान आहे हें आम्ही जाणतों. अठरा भट्ट्यांचें मरण तीनांच्या जगण्यानें भरून निघत नाहीं, आणि सर्व कारागिरांनीं धीर धरला असता तर सर्व जगले असते, असेंही आम्ही म्हणत नाहीं. धीर धरण्यासही पदरीं कांहीं असावें लागतें. पण एवढें खरें कीं, त्या कारागिराला कायद्यानें एकदां उजेडांत उभें राहूं दिलें होतें; म्हणून त्याच्या नोंदी, त्याचीं पात्रें, त्याचें नांव हीं मागें उरलीं, आणि पुन्हां आरंभ करणाऱ्याला कोठून आरंभ करावा हें ठाऊक होतें. आपल्या मोहाच्या भट्टीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास मात्र कारागिराच्या वह्या मिळणें कठीण. त्याला बहुधा अबकारीच्या अहवालांत व खटल्यांच्या कागदांतच शोध घ्यावा लागेल. दारू चांगली कीं वाईट, हा वाद निराळा. परंतु ज्या कारागिराची आठवण केवळ आरोपी म्हणून उरते, त्याच्या हातचें ज्ञान समाजानें किती गमावलें, याचा हिशेब कोणत्याच अहवालांत मांडलेला नसतो.